बॉण्डवरचा प्लॉट, रेल्वेचा भाव आणि राहिलेली सही

एपिसोड ऐकायला निवांत वेळ नाही, किंवा घाटात रेंज जाते, अशांसाठी नेहमीप्रमाणे हा लिहिलेला भाग. बोलताना अडखळलो ते काढलंय, बाकी बरंचसं जसंच्या तसं आहे.

आजचा विषय प्लॉट. आपल्या बीडमध्ये सध्या कुठल्याही चहाच्या टपरीवर थांबा, दोन विषय चालू असतात. एक राजकारण आणि दुसरा प्लॉट. राजकारणावर बोलणारे खूप आहेत. मी प्लॉटवर बोलतो, कारण तो आमच्या घरातला विषय आहे.

गेल्या दिवाळीला मी पुण्याहून घरी आलो. बॅग ठेवली, पाणी प्यायलो, आणि आईने कपाटातून एक प्लास्टिकची पिशवी काढून माझ्या हातात दिली. म्हणाली, "हे बघ बाबा, आता सरकारनं कायदा केलाय म्हणतेत. आपला प्लॉट आपल्या नावावर होतोय का बघ." पिशवीत शंभर रुपयांचा एक बॉण्ड होता. साल २०११. वर मथळा होता, ताबा साठेखत. खाली नोटरीचा शिक्का, दोन साक्षीदारांच्या सह्या, आणि अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, ती वळणदार सही.

अण्णा एसटीत कंडक्टर होते. ३० बाय ४० चा, म्हणजे १,२०० चौरस फुटांचा हा प्लॉट त्यांनी १ लाख ८० हजारांना घेतला. पीएफमधून काढलेले पैसे आणि आईची पाटली मोडून. शहराला लागून असलेल्या एका गावच्या शिवारात. घेतला तेव्हा तिथे तूर उभी होती. आता अण्णा नाहीत. आम्ही अजून भाड्याच्या दोन खोल्यांत आहोत. आणि त्या तुरीच्या रानात आता सिमेंटचे खांब, तारेचं कुंपण, आणि मोठा बोर्ड आहे, "रेल्वे स्टेशनपासून फक्त ५ मिनिटं".

मी सॉफ्टवेअरवाला माणूस. कोड वाचता येतो, कागद वाचता येत नव्हता. तीन महिने लागले समजायला. जे समजलं ते तुम्हाला सांगतो, म्हणजे तुमचे तीन महिने वाचतील.

आधी रेल्वेचं बोलू

भाव का वाढले ते कळल्याशिवाय पुढचं कळत नाही. अहिल्यानगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५ च्या सुमाराला मंजूर झाला. म्हणजे मी जन्मायच्या आधी. आपल्या जिल्ह्यात परळीला रेल्वे जुनीच होती, पण जिल्ह्याच्या ठिकाणी, बीड शहरात, ती नव्हती. आष्टीपर्यंत गाडी आली सप्टेंबर २०२२ मध्ये. आणि १७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या दिवशी, बीड ते अहिल्यानगर गाडीला हिरवा झेंडा दाखवला गेला. साधारण १६६ किलोमीटरचा टप्पा. बीडहून पुढे परळीपर्यंतचं काम अजून व्हायचं आहे.

त्या दिवशी लोक रुळावर उभं राहून फोटो काढत होते. म्हातारी माणसं रडत होती, हे मी अतिशयोक्ती करून सांगत नाही. तीस वर्षं वाट बघितलेली गोष्ट होती ती.

पण रेल्वे आली की सगळ्यात आधी काय येतं? कारखाना नाही येत. बोर्ड येतात. प्लॉटचे बोर्ड. त्यात अजून एक गोष्ट झाली. आपल्याकडे पतसंस्था आणि मल्टिस्टेटमध्ये ज्यांच्या ठेवी अडकल्या, त्यांचा आणि त्यांच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांचा असल्या ठेवींवरचा विश्वास उडाला. मग लोक म्हणायला लागले, "जमीन कुठं पळून जात नाही." खरंय. जमीन पळून जात नाही. पण जमिनीचा कागद पळून जातो. आजचा सगळा एपिसोड या एका वाक्यावर आहे.

गुंठा, आर आणि तुकडा

थोडं गणित. एक गुंठा म्हणजे ३३ बाय ३३ फूट, १,०८९ चौरस फूट. ४० गुंठ्यांचा एक एकर. सातबाऱ्यावर मात्र क्षेत्र हेक्टर आणि आर मध्ये असतं. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर. गुंठा आणि आर जवळजवळ सारखेच, म्हणून लोक एकाच्या जागी दुसरं बोलून जातात.

आता कायदा. १९४७ सालचा एक कायदा आहे, तुकडे पाडण्यास प्रतिबंध करणारा आणि जमिनींचं एकत्रीकरण करणारा. आपण त्याला तुकडेबंदी म्हणतो. हेतू चांगला होता. वाटण्या होत होत शेत इतकं लहान होऊ नये की त्यात औत फिरणार नाही. म्हणून प्रमाणभूत क्षेत्र ठरलं, त्याच्या खालचा तुकडा विकायचा नाही. २०२३ मध्ये राज्यातल्या बहुतेक जिल्ह्यांसाठी ते जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे केलं.

म्हणजे बघा, आमचा प्लॉट सव्वा गुंठ्यालाही कमी. शेतजमिनीतून एवढा तुकडा सरळ मार्गाने विकताच येत नव्हता. सरळ मार्ग होता तो असा, मालकाने आधी जमीन अकृषिक करून घ्यायची, ज्याला आपण एनए म्हणतो, ले-आउट मंजूर करून घ्यायचा, रस्ते आणि ओपन स्पेस सोडायची, आणि मग एकेक प्लॉट रजिस्ट्री करून विकायचा. हे खर्चाचं आणि वेळेचं काम. त्यामुळे काय व्हायचं? मालक चुन्याने रेषा मारायचा आणि बॉण्डवर प्लॉट विकायचा. स्वस्तात मिळतो म्हणून आपल्यासारखी माणसं घ्यायची. कंडक्टर, शिपाई, शिक्षक, मुकादम, ऊसतोडीहून चार पैसे घेऊन आलेलं कुटुंब.

काही जणांनी दुसरी युक्ती केली. पाच-दहा जणांनी मिळून प्रमाणभूत क्षेत्र भरेल एवढी जमीन एकत्र घेतली, सामायिक सातबारा केला, आणि आत आपापसात तुकडे पाडले. त्यांची रजिस्ट्री तरी झाली. पण सातबाऱ्यावर दहा नावं, आणि कुठला कोपरा कुणाचा हे फक्त तोंडी.

मध्ये जुलै २०२१ मध्ये नोंदणी विभागाने परिपत्रक काढलं आणि छोट्या तुकड्यांची दस्तनोंदणी राज्यभर थांबली. मे २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ते रद्द केलं. या सगळ्या गोंधळात सामान्य माणसाला एवढंच कळलं की रजिस्ट्री कधी होते, कधी होत नाही, आणि बॉण्ड मात्र कधीही होतो.

बॉण्ड म्हणजे नेमकं काय?

इथे नीट ऐका. आपल्याकडे "बॉण्ड करून घेतलाय" असं अभिमानाने सांगतात. बॉण्ड म्हणजे फक्त मुद्रांकाचा कागद. पूर्वी शंभराचा चालायचा, ऑक्टोबर २०२४ पासून पाचशेचा लागतो. त्या कागदावर नोटरीचा शिक्का म्हणजे काय? या माणसांनी माझ्यासमोर सही केली, एवढंच. जमीन कुणाची, ती विकता येते का, यातलं काहीही नोटरी तपासत नाही.

१८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा सांगतो, शंभर रुपयांच्या वरची स्थावर मालमत्ता नोंदणीकृत खतानेच विकली जाते. १९०८ चा नोंदणी कायदाही तेच सांगतो. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सूरज लॅम्प या प्रकरणात स्पष्ट केलं की साठेखत आणि मुखत्यारपत्र यांनी मालकी जात नाही. म्हणजे गंमत बघा, ज्या वर्षी अण्णांनी बॉण्ड केला त्याच वर्षी दिल्लीत हा निकाल लागला. आमच्या गल्लीपर्यंत तो पोचलाच नाही.

मग बॉण्ड अगदी रद्दी आहे का? नाही. तो पैसे दिल्याचा आणि कराराचा पुरावा आहे. विकणारा म्हणाला होता की मी तुला खरेदीखत करून देईन, हे त्यातून दाखवता येतं. पण मालकी मिळालेली नाही. मालकीचं वचन मिळालंय. हा फरक पिशवी उघडेपर्यंत मला माहीत नव्हता. मागच्या वर्षी बांधकामासाठी कर्ज घ्यायला गेलो तेव्हा बँकेतल्या मॅडमने फाइल परत केली. "नोंदणीकृत खत नाही, ले-आउट नाही, एनए आदेश नाही." मला राग आला होता. आता वाटतं, बरोबर होतं त्यांचं.

सरकारने नक्की काय माफ केलं?

आता आईच्या प्रश्नाकडे येऊ. नोव्हेंबर २०२५ मध्ये राज्य सरकारने अध्यादेश काढून तुकडेबंदी कायद्यात बदल केला. १५ नोव्हेंबर १९६५ ते १५ ऑक्टोबर २०२४ या काळात तुकडेबंदी मोडून झालेले व्यवहार, ठरावीक भागांमध्ये, कुठलंही शुल्क न घेता नियमित समजायचे. आधी यासाठी बाजारमूल्याच्या २५ टक्के भरावे लागत होते, नंतर ते ५ टक्क्यांवर आणलं, आता शून्य.

ठरावीक भाग म्हणजे ढोबळमानाने नगरपालिका, नगरपंचायत, महापालिकेची हद्द; आराखड्यात रहिवासी किंवा इतर अकृषिक वापरासाठी दाखवलेली जमीन; आणि गावठाणाला लागून असलेला पट्टा. भर शिवारात, शेतीच्याच वापरातला तुकडा असेल तर ही सवलत त्याला नाही.

आता दोन प्रकारची माणसं. तुम्ही कुठल्या प्रकारात बसता ते बघा.

पहिला प्रकार, ज्यांची रजिस्ट्री झाली होती पण तुकडेबंदीमुळे सातबाऱ्यावर नाव लागलं नाही, फेरफार नामंजूर झाला, किंवा नाव नुसतं इतर हक्कात पडलं. यांच्यासाठी ही मोठी गोष्ट आहे. नामंजूर फेरफार पुन्हा तपासून नाव कब्जेदाराच्या रकान्यात घ्यायचं, आणि तुकडेबंदीविरुद्ध व्यवहार असा शेरा असेल तर तो काढायचा. तुमच्या घरात अशी रजिस्ट्री पडून असेल तर तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या भाषेत ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, लेखी अर्ज द्या. पोच घ्या. तोंडी विचारून परत येऊ नका.

दुसरा प्रकार आमचा. बॉण्डवाले. यांनी आधी रीतसर खत करून, मुद्रांक शुल्क भरून, नोंदणी करायची. मग नाव लागणार.

आता विचार करा. रीतसर खत करायला दुय्यम निबंधकासमोर कोण बसायला पाहिजे? विकणारा. त्याचा अंगठा, त्याचा फोटो, त्याची सही. आणि आमचा विकणारा २०२० मध्ये वारला.

हे मला त्या रात्री कळलं आणि मी आईकडे बघत बसलो. कायद्याने तुकडा माफ केला. सही माफ केली नाही. आणि ती करायचा अधिकारही सरकारला नाही, कारण सही ही त्या माणसाची आहे.

चार वारस

विकणाऱ्या काकांच्या मागे चार वारस आहेत. त्यांच्या पत्नी, दोन मुलं, एक मुलगी. मुलगी लग्न होऊन केज तालुक्यात दिलेली. बऱ्याच जणांना वाटतं की मुलांच्या सह्या घेतल्या की झालं. तसं नाही. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मालमत्तेतही मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. चारही सह्या पाहिजेत. एक राहिली तर उद्या तोच धागा धरून दावा उभा राहतो.

आई आणि मी काकूंकडे गेलो. त्यांनी चहा केला. म्हणाल्या, "कंडक्टर भाऊंनी पैसे दिले तेव्हा मी घरातच होते. मी नाही म्हणणार नाही." धाकटा म्हणाला, आई म्हणेल तसं. ताईंना फोन लावला, तर त्या एका वाक्यात म्हणाल्या, "वडिलांनी घेतलेले पैसे आहेत, मला पाप नको, बोलवाल तेव्हा येते."

थोरला नाही म्हणाला. त्याचं म्हणणं असं, "तेव्हाचा भाव वेगळा होता. आज फुटाला कितीला चाललंय बघा. फरक द्या, सही घ्या." मला भांडायचं होतं. आईने हात धरला. परत येताना रिक्षात ती म्हणाली, "त्याच्यावर बी कर्ज आसंल."

मी त्याला खलनायक करणार नाही. रेल्वेने त्याच्या डोळ्यासमोर एक आकडा ठेवलाय. आपल्या जिल्ह्यात अशी किती घरं असतील, जिथे बापाने २०१० मध्ये विकलेला तुकडा पोराला २०२५ च्या भावाने दिसतोय. भाव वाढला की घेणाऱ्याला वाटतं आपण श्रीमंत झालो. पण कागद कच्चा असेल तर वाढलेला भाव घेणाऱ्याचा नसतो, तो विकणाऱ्याच्या हातातली ताकद वाढवतो. हे मला कुठल्याही प्रॉपर्टीच्या व्हिडिओत कुणी सांगितलं नव्हतं.

तीन वर्षांचं घड्याळ

वकील साहेबांनी एक गोष्ट सांगितली ती लिहून ठेवा. करार पाळायला लावण्यासाठी कोर्टात दावा करायची मुदत तीन वर्षं असते. कागदात खरेदीखताची तारीख ठरलेली असेल तर त्या तारखेपासून तीन वर्षं. तारीख नसेल तर समोरच्याने नकार दिल्याचं कळल्यापासून तीन वर्षं.

आमच्या कागदात तारीख नाही. "मागाल तेव्हा खरेदीखत करून देऊ" असं लिहिलंय. नोटरीसमोर टाइप करणाऱ्या त्या अनोळखी माणसाचं ते एक वाक्य आज आमच्या कामी आलं. म्हणजे आमचं घड्याळ थोरल्याने नाही म्हटलं तेव्हापासून सुरू झालं. आता गप्प बसून "होईल काहीतरी" म्हणण्यात अर्थ नाही. तुमच्या कागदात तारीख आहे का ते आज रात्री बघा, आणि असेल तर उद्याच वकिलाला दाखवा. प्रत्येकाच्या कागदात फरक असतो, माझ्यावरून तुमचं ठरवू नका.

तुकडेबंदी वेगळी, गुंठेवारी वेगळी

टपरीवर हे दोन्ही एकच समजतात. वेगळे आहेत. तुकडेबंदीची माफी ही व्यवहाराला आहे, म्हणजे नाव कुणाचं लागणार हा प्रश्न. गुंठेवारी कायदा २००१ चा आहे, त्यात २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन ३१ डिसेंबर २०२० पर्यंतचे गुंठेवारी विकास नियमित करायची सोय झाली. तो प्रश्न आहे बांधकामाचा, मंजुरी नसलेल्या प्लॉटवरचं घर नियमित करण्याचा. त्याला नगरपालिका किंवा जे नियोजन प्राधिकरण असेल तिथे अर्ज, नकाशा आणि शुल्क लागतं.

म्हणजे सातबाऱ्यावर नाव लागलं तरी बांधकाम परवानगी आपोआप मिळत नाही. उलट, घरपट्टी भरता म्हणून मालक होत नाही. नगरपालिकेचा पीटीआर उतारा किंवा ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर कुणाकडून घ्यायचा याची नोंद आहे. "नमुना आठ आहे ना, मग काय पाहिजे?" असं सांगून विकणाऱ्यापासून जरा लांबच.

विकत घेणार असाल तर मोबाइलवर काय बघाल?

आता जे नवीन घेणार आहेत त्यांच्यासाठी. हे सगळं घरी बसून होतं.

सातबारा. महाभूलेखवर फुकट दिसतो, डिजिटल सहीचा १५ रुपयांत मिळतो. आपण आधी नाव बघतो. त्याआधी इतर हक्काचा रकाना बघा. बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा आहे का? कुळाचं नाव आहे का? भोगवटादार वर्ग २ लिहिलंय का? वर्ग २ म्हणजे परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन. आणि आपल्या मराठवाड्यात एक जास्तीची गोष्ट. आपण निजामाच्या राज्यात होतो, त्यामुळे इनामी जमिनी खूप. देवस्थान, मशीद, दर्गा यांच्या सेवेसाठी दिलेल्या जमिनीला खिदमतमाश म्हणतात. सेवा करणाऱ्याला त्या जमिनीचं उत्पन्न घ्यायचा हक्क, विकायचा नाही. हे शब्द आजच्या सातबाऱ्यावर नसतील तर जुन्या १९५४-५५ च्या खासरा पाहणी पत्रकात सापडतात. ती नक्कल तहसीलमध्ये मागा.

फेरफार. सातबारा म्हणजे ॲपची आजची स्क्रीन. फेरफार म्हणजे मागचा सगळा लॉग. कुणी कधी काय बदललं ते तिथे कळतं. "आपली चावडी" वर त्या गावातले सध्या नोटिशीवर असलेले फेरफारही दिसतात. नोटीस निघाल्यावर हरकतीला १५ दिवस असतात. तुमचं स्वतःचं शेत असेल तर महिन्यातून एकदा तिथे डोकावत जा.

इंडेक्स टू. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर गट नंबर टाकला की त्या जमिनीचे नोंदलेले दस्त दिसतात. तोच प्लॉट आधी कुणाला विकलाय का ते इथे सापडतं. बॉण्डचा व्यवहार मात्र इथे दिसत नाही. म्हणजे एकच प्लॉट बॉण्डवर तिघांना विकला तरी सरकारला पत्ता नाही. फार जुने दस्त ऑनलाइन सापडत नाहीत, त्यासाठी वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट घ्या.

ले-आउट. बोर्डावर "एनए प्लॉट" लिहिलंय म्हणजे एनए आहे असं नाही. आदेशाची प्रत मागा, त्यावरचा क्रमांक आणि तारीख घेऊन कार्यालयात खात्री करा. "एनए प्रस्तावित" म्हणजे एनए नाही. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या प्रकल्पाला साधारणपणे महारेराची नोंदणी लागते, प्लॉटच्या ले-आउटलासुद्धा. नोंदणीआधी जाहिरात करता येत नाही आणि बुकिंगही घेता येत नाही. नंबर मागा, महारेराच्या साइटवर टाकून बघा. दोन मिनिटांचं काम.

रस्ता. हे सगळ्यात कमी लोक बघतात. चुन्याच्या ले-आउटमध्ये मधला २० फुटी रस्ता सातबाऱ्यावर अजून मूळ मालकाच्याच नावावर असतो. प्लॉट तुमचा, पण त्याच्यापर्यंत जायची वाट दुसऱ्याची.

आणि खर्च. प्लॉटच्या किमतीवर मुद्रांक शुल्क आणि १ टक्का नोंदणी फी धरा, फी जास्तीत जास्त ३०,००० रुपये. शुल्क रेडी रेकनरचा दर किंवा तुमची किंमत, यात जे जास्त असेल त्यावर. जुना बॉण्ड असला तरी खत आज केलं तर हिशोब आजच्या दराचा. हे पैसे वाचवण्यासाठीच लोक बॉण्ड करतात. आमच्या घरात ते वाचवलेले पैसे आज कितीला पडले ते तुम्ही बघताच आहात.

रविवारची बैठक

शेवटची बातमी. आमच्या त्या ले-आउटमध्ये २२ प्लॉट आहेत. बावीसही बॉण्डवर. इतकी वर्षं कुणी कुणाला ओळखत नव्हतं. मी एक व्हॉट्सॲप ग्रुप केला आणि गेल्या महिन्यात एका रविवारी मारुतीच्या मंदिरात बसलो. सतरा जण आले. एक निवृत्त मुख्याध्यापक, दोन पोलीस, एक भाजीवाल्या मावशी, तीन जण माझ्यासारखे पुण्याहून आलेले. प्रत्येकाच्या हातात तशीच प्लास्टिकची पिशवी.

ठरलं ते असं. सगळ्यांच्या बॉण्डच्या प्रती एका फाइलला लावायच्या. एकच वकील. सगळ्यांची सामायिक मोजणी भूमी अभिलेखकडून करून घ्यायची. रस्त्याचा तुकडाही त्याच खतात मागायचा. आणि वारसांशी एकेकट्याने न बोलता सगळ्यांनी मिळून बोलायचं, कारण थोरल्याने प्रत्येकाला वेगळा आकडा सांगितला होता. मुख्याध्यापक सर म्हणाले, खताचा आणि वारस नोंदीचा सगळा खर्च आपण करू, त्यांच्या खिशातून रुपया जाऊ द्यायचा नाही, आणि थोडं मानधनही देऊ. पण फरक म्हणून आजचा भाव द्यायचा नाही. तो एकदा दिला की बावीस घरांना द्यावा लागेल.

थोरल्याने अजून हो म्हटलेलं नाही. पण सतरा माणसं एकत्र आली तेव्हा पहिल्यांदा तो बसून ऐकत होता. वकिलाची नोटीस तयार आहे. मार्चअखेरपर्यंत वाट बघायची आणि मग पाठवायची, असं ठरलंय. आई म्हणते, नोटीस नको, माणूस ऐकतो. मी म्हणतो, माणूस ऐकतो, पण घड्याळ ऐकत नाही. दोघांचंही बरोबर असावं.

पुढच्या वेळी सही झाली की नाही ते सांगेन. तोपर्यंत एक काम करा. आज घरी फोन लावा आणि विचारा, आपल्या प्लॉटचा कागद कुठला आहे? रजिस्ट्री की बॉण्ड? उत्तर बॉण्ड आलं, तर विकणारे काका अजून आहेत का, हे लगेच विचारा. ते असतील तर उद्याच त्यांच्या घरी जा. पेढे घेऊन जा, नम्रपणे बोला, आणि जेवढ्या लवकर होईल तेवढ्या लवकर खत करून घ्या. अण्णांना ती नऊ वर्षं मिळाली होती. त्यांना कुणी सांगितलं नाही, एवढंच.

भेटू पुढच्या एपिसोडला. काळजी घ्या.